विश्राम टॉकीजची पडद्यावाली

“त्या टॉकीजच्या धुळीनं माह्या पापडाईचा सत्यानाश केला बाप्पा,” माझ्या बरगडीत कोपर खुपसून बसलेली बाई तिच्या पलीकडचीला सांगत होती. “दोन किलो उडदाचे. सकाळी गच्चीवर घातले न् अकरा वाजता पाह्यतो तं सारे भस्म लावल्यावानी.” ऑटोच्या मागच्या सीटवर आम्ही चौघी होतो, म्हणजे तिचं गाऱ्हाणं मला ऐकायचं नसतं तरी हाडांतून ऐकू आलं असतं. पलीकडची म्हणाली, “पाडू दे ना वो. कायची टॉकीज ते, भुताटकी सारी. छप्पर गेलं. आता बेस्तरवारी पडद्याची भिंत पाडून राहिले म्हणे.” “मंग पडद्यावाली कुठं जाईन?” “तुह्या गच्चीवर. पापड खायले.” दोघी खदखदून हसल्या आणि ते हसणंही माझ्या बरगडीतूनच गेलं. माझं फॉल-पिकोचं दुकान येऊन मागे गेलं तेव्हा मी ऑटोवाल्याला थांब म्हटलं नाही. हातातल्या पिशवीत गिऱ्हाइकांच्या तीन साड्या होत्या, त्यांच्यावर माझी बोटं गार पडली होती, मे महिन्यात, भंडाऱ्यात, जिथे या दिवसांत माठातलं पाणीसुद्धा गार राहत नाही. बेस्तरवार, म्हणजे गुरुवार. आज सोमवार. चाळीस वर्षं मी आईला एक गोष्ट सांगायची टाळत आले, आणि टाळताना मनाशी धरून होते की ती भिंत आहे तोवर घाई नाही. एखाद्या माणसानं भिंतीला वायदा करावा, तसं. आता भिंतीनंच तारीख सांगितली होती.

विश्राम टॉकीज हे नाव मालकाच्या वडलांवरून पडलं होतं, पण गावातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की आत जी आहे तिला विश्रांती मिळावी म्हणून ठेवलंय. ती कोण, यावर एकमत कधीच झालं नाही. कोणी म्हणे बांधकामावरची मजूर, चुन्याचं घमेलं डोक्यावर असताना पडद्याच्या जागेवरच पडली. कोणी म्हणे मालकाच्या घराण्यातली कोणी. आमच्या गल्लीतले एक आजोबा तर शपथेवर सांगत की बाईबिई कोणी नाही, पूर्वी त्या मैदानात सर्कस उतरायची, तिच्यातलं अस्वल तिथं मेलं होतं. पण अस्वलाला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. लोकांना बाईच हवी होती. आमचा मोहल्ला पडला कोष्ट्यांचा, त्यामुळे आमच्याकडे तिच्या लुगड्याचा काठही ठरलेला होता, करवती, आणि ते लुगडं कोणाच्या मागावरचं असावं यावर ओट्यांवर वाद चालत. दर शुक्रवारी नवा पिक्चर लागला की मालक पडद्यामागे जाऊन नारळ फोडी. रीळ तुटली, पडद्यावाली. सिव्हिल लाइनकडची एक मुलगी इंटरव्हलमध्ये कंपाउंडरसोबत निघून गेली, पडद्यावाली. कोणाचा पोरगा मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसला, तर तो चार वेळा मॅटिनीला गेला होता ना, मग झालं. नव्याण्णव साली जिल्हा दुभागला, गोंदिया वेगळं झालं, कचेऱ्यांतले कितीतरी बाबू बिऱ्हाडं उचलून तिकडे गेले आणि बाल्कनी ओस पडली. पुढच्या वर्षी टॉकीजला कुलूप लागलं. तेव्हाही लोक म्हणाले, पाहा, तिनं जिल्हासुद्धा ठेवला नाही. मला आता वाटतं, गाव तिच्याशी फार चांगलं वागलं नाही, पण ती गावाशी चांगली वागली. ज्या गोष्टीवरून घरात एकमेकांची डोकी फुटली असती, ती गोष्ट ती मुकाट्यानं पोटात घेई. आमच्या घरची एक गोष्ट तिनं अशीच घेतली.

ती काय ते सांगायचं तर आधी स्लाइडचं सांगायला हवं, कारण आता ते कोणाला ठाऊक नाही. टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला निकडीनं बाहेर बोलवायचं तर गेटवर चिठ्ठी द्यायची. ती वर गोमाजीकडे जाई. गोमाजी मशीन चालवणारा. तो काचेच्या तुकड्यावर दिव्याची काजळी धरी आणि सुईनं त्यावर नाव कोरी. ती काच दुसऱ्या छोट्या दिव्यापुढे धरली की चालू पिक्चरच्या अंगावर, खाली कोपऱ्यात, पांढरी अक्षरं उमटत. यादव मास्तर, बाहेर बोलावले आहे. नायिका रडत असायची आणि तिच्या गालावर यादव मास्तर उमटायचे. त्यांच्या घरी कोणी गेलं की म्हैस व्याली, ते सगळ्या थिएटरला कळत नसे, पण सगळं थिएटर त्यांना उठून जाताना बघे. मी अक्षरं शिकले ती अर्धी शाळेत आणि अर्धी गोमाजीच्या काचेवर. सातवीनंतर शाळा सुटली, पण वाचणं सुटलं नाही. भजी बांधून आलेला कागद मी आधी वाचते, मग भजी खाते.

माझे वडील नंदलाल कोष्टी, हातमागावरची लुगडी घेऊन बाजार करत. माणूस वाईट नव्हता. पण आई पिक्चरला गेली की त्यांना घरात करमत नसे आणि तसं म्हणायची त्यांना सवय नव्हती. एकदा सिहोऱ्याहून आत्याचे सासरे आले, तर यांनी चहा करायला आईला स्लाइड लावून बोलावलं. दुसऱ्यांदा कोठीची किल्ली सापडेना म्हणून. किल्ली त्यांच्याच बंडीच्या खिशात निघाली. दोन्ही वेळा आई पदर सावरत, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर आली, मागून मी. त्या दोन्ही पिक्चरमधल्या माणसांचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.  दुसऱ्या वेळी घरी आल्यावर चहाच्या पातेल्यात साखर टाकताना आईचा हात असा आपटला की चमचा वाकला. मी तो चमचा खूप दिवस बघत असे. तो कोणी सरळ केला नाही.

तिसऱ्या बोलावण्याच्या वेळी मी आठ वर्षांची होते, दुसरी पास झालेली, वाचनात वर्गात पहिली. तीनचा खेळ. लेडीज क्लासचा तो वास अजून येतो मला, घामाचा, मोगऱ्याचा, लहान लेकरांच्या लंगोटांचा. पडद्यावर एका आईला तिचा हरवलेला मुलगा ओळखू येईना आणि मला येत होता, आणि ती कधी ओळखते म्हणून मी अगदी पुढे सरकून बसले होते. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात अक्षरं आली. कुसुम नंदलाल, बाहेर बोलावले आहे. मी ती एका दमात वाचली. शेजारी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पदराचं टोक दातांत, चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. तिला कुठं वाचता येतंय, मी मनात म्हटलं. भोवतालच्या बायांत वाचणाऱ्या दोन-तीन असतील, पण आईला गल्ली ‘करुणाची माय’ म्हणे. कुसुम नंदलाल कोण, हे त्यांनाही ठाऊक नसणार. लेडीजच्या दाराशी बसणारी ताराबाई आत येऊन हाका मारायची खरी, पण त्या दिवशी तिचा उपवास होता, ती फराळाला गेली होती. स्लाइड गेली. परत आली. परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा पडद्यावरच्या आईनं मुलाला ओळखलं होतं आणि सगळ्या बाया हुंदके देत होत्या. मीही मनसोक्त रडले. एवढं सुखाचं रडणं मला पुन्हा कधी आलं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली टेंपो उभा होता. फाळक्याला टेकून यादोराव मामा बसला होता, आईचा धाकटा भाऊ, करडी गावचा. त्यांच्याकडे माग सुटून दोन पिढ्या झाल्या होत्या, धान करत. टेंपोत पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर आजी, आईची आई. तळव्यांना भेगा आणि भेगांत धानाच्या बांधीची माती, ती मला आधी दिसली, तोंड नंतर. तिला सकाळी छातीत कळा आल्या म्हणून मामा सरकारी दवाखान्यात नेत होता. आमच्या घरावरून जाताना कळलं की आई टॉकीजमध्ये. आजी म्हणाली, कुसुमले पाहू दे एकडाव. म्हणून टेंपो तिथं थांबला. अर्धा तास आजी कडुनिंबाखाली वाट बघत होती आणि मग बघत नव्हती. मामा एवढंच म्हणाला, “स्लाइड लावली होती ना वो, ताई.”  वडील शेजारी उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसानं कधी मांजर आडवं गेलं म्हणून पाऊल थांबवलं नव्हतं तो माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नसन दिसली त्याइले. पडद्यावाली आडवी झाली असन.” जमलेल्या लोकांनी ते वाक्य तहानेल्यानं पाणी घ्यावं तसं घेतलं. हो हो, तिनंच खाल्ली स्लाइड. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मोहल्ल्यात फिरलं, तेराव्यापर्यंत त्यात तपशील आले, वर्षभरात ते विश्राम टॉकीजच्या भुताचं सगळ्यांत मोठं काम म्हणून सांगितलं जाऊ लागलं. मी लग्न होऊन गावातच दुसऱ्या गल्लीत गेले, तिथं सासूनं मला ही गोष्ट नवी म्हणून सांगितली. मी “अगं बाई!” म्हटलं.

वडील तेव्हा माझ्याकडे बघून बोलले, हे मी कधी विसरले नाही. पोरीला वाचता येतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला वाचवलं, आणि पुढे वीस वर्षं जगले, पण त्यावर ना ते बोलले ना मी. त्या दिवसापासून मला एक खोड लागली. आईसोबत कुठंही गेले की दिसेल ती पाटी मी मोठ्यानं वाचते. साकोली जलद. थुंकू नये. येथे शुद्ध दही मिळेल. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा, एक्स्पायरीसकट. माझी मुलगी रुचिका म्हणते, “मम्मी, तू माणूस आहे का एसटी स्टँडचा भोंगा?” आई “हो, हो,” म्हणते, आणि पुढे चालू लागते. साक्षरतेची मोहीम आली तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेऊन तिच्यापुढे बसले होते, तर ती मागाच्या कांड्या भरायला उठून गेली. “माह्या नशिबात अक्षर नाई बाई, कायले माह्या मागं लागतं?” बँकेत अंगठा, मतदानाला अंगठा, वडलांच्या मयतीच्या कागदावरही अंगठा. तिचा अंगठा शाईत बुडताना मी दर वेळी दुसरीकडे बघते. वाटतं, हिला वाचता येत असतं तर, आणि त्याच्या पुढचं वाक्य, येत नव्हतं तर जिला येत होतं तिनं काय केलं, ते मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी आईकडे गेले. ती माझा भाऊ भूषण याच्याकडे राहते, जुन्याच घरात, फक्त मागाच्या खड्ड्यावर आता फरशी आहे आणि फरशीवर फ्रीज. भूषण कामावरून यायचा होता. मी म्हटलं, “आई, टॉकीज पाडून राहिले. बेस्तरवारी पडद्याची भिंत.” ती लसूण सोलत होती. एक पाकळी झाली, दुसरी झाली. “छप्पर गेलं त्या दिवशीच कळलं मले. धूळ आली ना इथंवर.” मग म्हणाली, “यादोले फोन लाव.” मी लावला. ती फोनमध्ये नेहमीसारखं ओरडून बोलली, जणू करडीपर्यंत तिच्याच आवाजानं जायचं होतं. “बेस्तरवारी ये. कायले म्हंजे? ये म्हटलं तं ये. डोळे दाखवायचे आहेत ना तुले? मंग त्याच बहाण्यानं ये.” तिकडून मामा काय म्हणाला कळलं नाही. एवढं मला माहीत होतं की चाळीस वर्षांत तो भंडाऱ्याला आला की टॉकीजच्या रस्त्यानं येत नसे. बाजारातून मोठा वळसा घालून यायचा आणि म्हणायचा, तिकडं चिखल लय असते. उन्हाळ्यातसुद्धा.

तीन रात्री मी वाक्यं जुळवली. आई, त्या दिवशी मला दिसलं होतं. आई, तुझ्या आईचं तोंड तुला दिसलं नाही ते माझ्यामुळे. ही वाक्यं पुस्तकातल्यासारखी वाटत, मग मी ती आमच्या बोलीत करून बघे, तर ती आणखी उघडी पडत. मनात एक चोर असाही होता जो म्हणे, सत्तरीकडे आलेल्या बाईला कशाला त्रास, बिचारी भुतावर समाधानी आहे. त्या चोराचा आवाज फार समजूतदार होता. मी त्याला ओळखते, तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला पिक्चर संपेपर्यंत उठायचं नसतं.

बेस्तरवारी सकाळी दहाला आम्ही तिघं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे उभे होतो. मामाचा खांद्यावरचा पंचा, आईची काठी, आणि मध्ये मी. भिंत एकटी उभी होती. मला ती केवढी मोठी आठवत होती. आता तिच्यावरून पलीकडचा मोबाइलचा टॉवर दिसत होता. जिथे पडदा होता तेवढा चौकोन फिकट, बाकी काळपट, आणि चौकोनात एका कोपऱ्यात कोणीतरी विड्यांची जाहिरात रंगवायला घेऊन सोडून दिली होती. सवयीनं मी ती वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. जेसीबीवाला चहा पीत होता. चार-पाच रिकामटेकडे भूत बघायला जमले होते. एकजण म्हणाला, “नारळ फोडा राजेहो, नाई तं मशीन बंद पडन.” दुसरा म्हणाला, “मशीन बंद पडन तं डिझेलनं पडन.”

मामा जमिनीकडे बघत बोलला, आणि तो बोलला याचंच मला नवल वाटलं. “चिठ्ठी मीच देली होती गोमाजीले. तीनदा लावली म्हणे त्यानं.” पंच्यानं तोंड पुसलं. “माय म्हणे थांब, अन् मी थांबलो. सरळ दवाखान्यात नेलं असतं तं… इतक्या वर्षात हे बाईलेबी नाई सांगितलं घरच्या.”

“मामाजी, तुमचं नाही काही,” मी म्हटलं, आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. “मी वाचली होती. स्लाइड. तिन्ही वेळा. आईचं नाव होतं. मी सांगितलं नाही तिला. मला पुढचं पाहायचं होतं.” एवढंच. चाळीस वर्षांचं ओझं, आणि ते उच्चारायला ऑटोत भाडं विचारण्याएवढा वेळ लागला. जेसीबी सुरू झालं. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, जरा जास्तच जड. “लेकरू होतं तू. आठ वर्षाचं. लेकराले काय समजते? तुह्या मायले वाचता येत असतं तं गोष्ट वेगळी होती…”  आई काठीवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी तिच्या हातांकडे बघत होते, ते अजिबात हलत नव्हते. मशीनचा पंजा भिंतीला लागला आणि वरच्या विटा पहिल्यांदा एकेक, मग एकदम खाली आल्या. धूळ रस्ता ओलांडून आमच्यावर आली. बघे लोक ओरडले, हसले, मागे सरले. आई सरली नाही.

“हे एकटीच नव्हती वाचणारी,” ती म्हणाली.

मामा म्हणाला, “काय म्हणतं ताई?”

“मले वाचता येत होतं यादो. इथंच शिकली मी. दुकानाच्या जाहिराती दाखवत ना पयले, साबनाच्या, छत्र्याईच्या. नाव बोलून दाखवत अन् अक्षर समोर, पाहून पाहून आलं. कोनाले सांगितलं नाई, सांगितलं असतं तं यांनी हिशेबाचे कागद देले असते वाचायले.” ती हसलीसुद्धा, किंचित. मग खोकली. धूळ खाली बसत होती आणि तिच्या पांढऱ्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर बसत होती. तिनं पुसली नाही. “करुणा माह्याकडं पाह्यत होती त्या वक्ती. मले दिसत होतं. मी तिच्याकडं पाह्यलं नाई. म्हटलं, मी पाह्यलं तं ते वाचून दाखवन, अन् मंग उठा लागन. दोनदा उठली होती मी. चहासाठी उठली, किल्लीसाठी उठली. म्हटलं, आता नाई उठत. आले असतील कोनी पाव्हणे, पिऊ दे त्याइले पानी.”

“आई…” मी म्हटलं.

“तू चूप राय. लय वर्ष माह्या वाट्याचं तू वागवलं, अन् मी वागवू देलं.” मग ती भावाकडे वळली, पूर्ण वळली, काठीसकट, आणि त्याच्या डोळ्यांत बघून, गर्दीतल्या कोणाला ऐकू जातंय याची पर्वा न करता म्हणाली, “मायची चिठ्ठी होती ते मले नव्हतं माहीत यादो. पण नाव माहं होतं. मी ते तिन्ही खेपा वाचलं, अन् मी उठली नाई.”